प्रयोगशाळेतला पंखा आणि हायड्रोचा डबा

मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून गरगरणारा, लोकांना डुलकी आणणारा पंखा नव्हे. मी भिंतीच्या भोकात बसतो, खोलीतली वाईट हवा ओढतो आणि बाहेर फेकतो. लोक मला एक्झॉस्ट म्हणतात. सध्या मी सुरतेतल्या एका कॉलेजच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून पडलो आहे. माझी मोटार जळली आहे, एक पातं वाकलं आहे, आणि भंगारवाला आज येईल की उद्या, हे कुणी मला सांगत नाही. मित्रांनो, तो यायच्या आधी मला तुमच्याशी बोलायचं आहे. गोष्ट थोडी भीतीची आहे, पण ऐका.

माझा जन्म सुरतेतल्याच उधन्याच्या एका लहानशा कारखान्यातला. तिथे एका मिस्त्रीने माझी पाती ठोकून ठोकून सारखी केली, मोटारीत तांब्याची तार भरली, आणि पहिल्यांदा फिरवून बघताना म्हणाला, "आवाज जरा जास्त आहे, पण ओढ चांगली आहे." हे त्याचं बोलणं आयुष्यभर माझ्यामागे लागलं. कुणी माझ्या ओढीचं कौतुक केलं, कुणी माझ्या आवाजाला शिव्या घातल्या. मला दिसतं बेताचंच. नाक मात्र तिखट आहे, कारण जी हवा बाहेर जाते ती आधी माझ्यातून जाते.

पहिली नोकरी जवळच्याच बमरोलीच्या एका मिलमध्ये लागली. कापड रंगवायची मिल होती ती, आणि मला बसवलं रसायनांच्या कोठारात. तिथे पत्र्याच्या गोल डब्यांची रांग असायची. त्या डब्यांत हायड्रो नावाची पांढरी पूड असते. रंगकामात ती लागतेच. दिसायला साधी, मिठासारखी. कोरडी असली तर गपगुमान पडून राहते, पण तिला थोडंसं पाणी लागलं की ती आतल्या आत तापायला लागते. आधी वास येतो, जळक्या काडीसारखा, नाकात खुपणारा. मग धूर. त्यानंतर काय होतं ते मी पाहिलं आहे.

कोठारात पांडुरंग नावाचा कामगार होता. मराठवाड्यातून आलेला, वयाने पोक्त, बोलायला अगदी कमी. दसऱ्याला मशिनांची पूजा व्हायची तेव्हा मोठ्या मशिनांना हार मिळायचे. माझ्याकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. पांडुरंग मात्र उरलेल्या झेंडूची दोन फुलं माझ्या जाळीत खोचायचा. एकदा रंगमास्तर त्याला सगळ्यांदेखत बोलला होता. वजन चुकलं म्हणून. चूक पांडुरंगची नव्हतीच, पण तो मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्याच दिवशी कोठारात तो वास सुटला.

तो वास पांडुरंगला आला होता, मित्रांनो. मी शपथेवर सांगतो. तो माझ्याखाली येऊन उभा राहिला, त्याने दोनदा नाक ओढलं, डब्यांच्या रांगेकडे पाहिलं. मास्तर पलीकडे दारातच उभा होता. पांडुरंगने तोंड उघडलं आणि मिटलं. आपण काही बोलायचो आणि पुन्हा सगळ्यांसमोर आपलाच उद्धार व्हायचा, असं त्याला वाटलं असणार. तो स्वतःच कोपऱ्यात शोधायला गेला, कुठला डबा तापलाय ते पाहायला. तेवढ्यात कोठार पेटलं. बाकीची माणसं पळाली. पांडुरंग कोपऱ्यात होता, त्याला पळता आलं नाही.

त्या आगीत मी काळा पडलो. मग शहरातल्याच पर्वत पाटिया भागातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात बराच काळ धूळ खात होतो. शेवटी कॉलेजवाल्यांनी मला नेलं, हिरवा रंग फासला आणि रसायनाच्या प्रयोगशाळेत खिडकीशेजारी बसवलं. मला आनंद झाला. वाटलं, आता तरण्या पोरांच्या गप्पा ऐकू, पुस्तकातले चार शब्द ऐकू. पण पहिल्याच दिवशी वर्षा मॅडम शिकवायला उभ्या राहिल्या आणि माझ्या खडखडाटात त्यांचं बोलणं मागच्या बाकापर्यंत पोचेना. त्या म्हणाल्या, "काशिनाथभाई, ये बंद करो. बहुत आवाज करता है." प्रयोगशाळेतले मदतनीस काशिनाथमामा यांनी बटण दाबलं. तेव्हापासून मी बंद. वर्ग चालू असताना मला फिरायची मनाई झाली, आणि वर्ग नसताना फिरवायची कुणाला आठवण होईना.

मग एके दिवशी कुणा मिलवाल्याने कॉलेजला भेट पाठवली. काशिनाथमामांनी ती ढकलत ढकलत आणली आणि नेमकी माझ्याखाली ठेवली. पत्र्याचा गोल डबा. मी बंद होतो, पण नाक बंद नव्हतं. झाकणाच्या फटीतून हायड्रोच्या कोरड्या पुडीचा ओळखीचा वास आला आणि माझी पाती जागच्या जागी थरथरली. वारा नव्हता तरी थरथरली. काशिनाथमामा म्हणाले, "ह्याला काय झालं?" आणि निघून गेले.

आता चंचलबद्दल सांगतो. पहिल्या वर्षाची नवी मुलं आली त्यांत ती होती. नाव चंचल, आणि पोरगी अशी की एकदा बाकावर बसली की हलायची नाही. नाव ठेवताना आईबापांनी फारच घाई केली असावी. ती माझ्याच खाली, खिडकीच्या बाकावर बसायची. हजेरीला नाव पुकारलं की ती इतक्या हळू बोलायची की मॅडम दुसऱ्यांदा विचारायच्या, आणि दुसऱ्यांदा तर आवाजच फुटायचा नाही. शेजारची धनश्री तिच्या वतीने ओरडायची, "है मॅडम, ये रही!" मग सगळा वर्ग हसायचा. धनश्रीचं घर मूळचं विदर्भातलं, जीभ मोकळी, मनाने चांगली. पण तिच्या त्या मदतीने चंचल आणखी आक्रसायची.

मधल्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले की चंचल एकटीच राहायची. डबा उघडायची आणि आईला फोन लावायची. घरची अहिराणी तेवढ्या वेळात बाहेर यायची. तिच्या बोलण्यातूनच मला तिचं घर कळलं. वडील भाईदास बमरोलीच्या मिलमध्ये रंगाच्या मशिनवर, आई उषाबाई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. दोघं धुळ्याकडून आलेली, पोरगी सुरतेतच वाढलेली. शाळा मराठी, गल्ली गुजराती, आणि इथे कॉलेजात पुस्तकं इंग्रजी.

"आई, माले काहीच समजस नही," ती म्हणायची. "मॅडम भराभर बोलतीस. माले आठे जमाव नही." इथे आपल्याला जमणार नाही, हेच तिचं पालुपद.

पलीकडून उषाबाई समजूत घालायच्या. त्यांचा आवाज फोनमधून बारीक ऐकू यायचा. "दोन दिन दम धर वं पोरी. तुना बापनी सगळा भाऊबंदमा सांगेल शे, मनी पोर लॅबमा बसई."

पोर लॅबमध्ये बसणार, असं बापाने भाऊबंदांत सांगून टाकलं होतं, खरी अडचण तिथेच होती. हा अभ्यासक्रम चंचलने निवडलाच नव्हता. खानदेशी घरांत श्रावणात कानबाईचा सण असतो. सणाच्या रविवारी देवीला रोटांचा, म्हणजे जाड पोळ्यांचा, नैवेद्य होतो आणि गावोगावी पांगलेले सगळे भाऊबंद एका घरी जमतात. गेल्या वर्षी पंगत उठल्यावर काकांनी विषय काढला होता की पोरगी बारावीनंतर काय करणार. एकाने सांगितलं, केमिस्ट्री घ्या, मिलच्या लॅबमध्ये गार हवेत नोकरी आहे. दुसऱ्याने मान डोलावली. भाईदास तर आयुष्यभर त्या लॅबच्या काचेबाहेर घामाघूम उभे राहिलेले. त्यांना ती गोष्ट इतकी पटली की त्यांनी देवीसमोर नारळच ठेवला. आत भांडी आवरणाऱ्या चंचलला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही बाहेर येऊन काही म्हटलं नाही. देवीसमोर ठरलेलं मोडायचं कसं?

आता पुन्हा कानबाई जवळ आली होती. सगळे जमणार, सगळे विचारणार. चंचलने ठरवलं होतं की त्याच रविवारी बापाला सांगून टाकायचं, माझं कॉलेज बंद करा. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. माझ्याखाली बसून ती पुटपुटत सराव करायची. "बाबा, माले शिकनं नही." मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मला तिचं फार वाईट वाटायचं. आणि तिच्या पायाशी तो डबा असायचा, त्याची मला त्याहून जास्त धास्ती वाटायची.

कानबाईच्या आदल्या शनिवारी प्रॅक्टिकल होतं. कापडाचे तुकडे निळे रंगवायचे होते. काशिनाथमामांनी डब्यातली पूड मापून काढली, मुलांना वाटून दिली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून झाकण तिरकं टाकून ते बाहेर गेले. त्या दिवशी सकाळपासून हवा दमट होती, खिडक्या बंद होत्या. मॅडम फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या. मी बंद.

चंचलने आपलं भांडं धुतलं. बेसिन तुंबलेलं होतं, पाणी वर आलेलं. हातातल्या मगात निळसर पाणी, ते टाकायचं कुठे? ते घेऊन ती आपल्या बाकाशी परतली, तिने इकडे तिकडे पाहिलं. विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे उभं राहायचं, मॅडम वळणार, सगळे बघणार. तिच्या पायाशी पत्र्याचा गोल डबा होता, झाकण तिरकं. मित्रांनो, बमरोलीच्या खोल्यांत मिलमधले असले रिकामे डबे घरोघर असतात. कुणी त्यात गहू भरतं, कुणी पाणी. चंचलच्या घरी मोरीजवळ असाच डबा होता, भांड्यांचं धुवण टाकायला. तेच पाणी मग ओटा धुवायला वापरायचे. तिचा हात सवयीने गेला. तिने झाकण सरकवलं आणि मगातलं पाणी त्यात ओतलं.

आधी काहीच झालं नाही. ती पुन्हा बाकावर बसली. मग माझ्या जाळीपाशी तो वास आला. जळक्या काडीचा, बारीक, अगदी बारीक. मी ओरडलो असतो, पण बटण बंद असलेला पंखा कसा ओरडणार?

थोड्याच वेळात तिलाही वास आला. तिने खाली पाहिलं. झाकणाच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ निघत होती. डब्यावर लाल अक्षरांत हायड्रोचं नाव आणि पाण्यापासून जपायची सूचना होती. तिने ते वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला. बापाच्या कपड्यांना येणारा वास तिला आठवला असेल, मिलमधल्या आगीच्या गोष्टी तिने घरी ऐकल्या असतील. तिने हात वर केला. मॅडम फळ्याकडे वळलेल्या होत्या. हात खाली आला. तिने धनश्रीच्या कानाशी काही म्हटलं, पण आवाज इतका लहान की धनश्रीला वाटलं, हिला बाहेर जायचंय. ती म्हणाली, "जा ना मग, मॅडम काही म्हणत नाहीत."

आणि चंचल बसूनच राहिली.

मी पांडुरंगला पाहिलं होतं. तेच तोंड उघडणं आणि मिटणं. पोरीच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसल्यासारखं कळत होतं. बोलले तर सगळ्यांना कळेल की हे माझ्या हातून झालं. गप्प बसले तर सोमवारपासून मी इथे नाहीच. कोण विचारणार? वास वाढत होता. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. माझ्यात बळ असतं तर मी भिंतीतून निखळून तिच्या पुढ्यात पडलो असतो.

तेवढ्यात काशिनाथमामा परत आले. हातात ओलं फडकं. त्यांनी धूर पाहिला, "हे काय?" म्हणत ते डब्याकडे निघाले आणि ते ओलं फडकं झाकणावर टाकायला त्यांनी हात पुढे केला.

"हात नका लावा!"

सगळा वर्ग दचकला. आवाज कुणाचा ते कुणालाच कळेना, कारण तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. चंचल उभी होती. तिला मराठी आठवेना, गुजराती आठवेना. "हात नका लावा मामा! मी त्यामा पानी टाकेल शे! मी टाकेल शे!"

काशिनाथमामा जागीच थांबले. मॅडम वळल्या. त्यांना शब्द कळले नाहीत, पण पोरीचा चेहरा कळला. मग चंचलने श्वास घेतला आणि गुजरातीत सांगितलं, अगदी नीट, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. "मॅडम, हायड्रोमां पाणी पड्युं छे. में नाख्युं." हायड्रोत पाणी पडलंय, मी टाकलं.

मॅडमनी खडू टाकला. "सब बाहर! बैग छोड दो, बाहर!" पोरं धावली. दारापाशी गर्दी झाली तेव्हा धनश्री एकेकाला हाताने ओढून बाहेर काढत होती. काशिनाथमामांनी जाता जाता माझं बटण दाबलं.

किती दिवसांनी फिरलो मी. पांढरा, घुसमटवणारा धूर होता. मी तो ओढला आणि भिंतीबाहेर फेकला, ओढला आणि फेकला. खाली डबा लाल झाला, भडका उडाला, बाक पेटले. चंचलचा बाक आधी पेटला. दारातलं शेवटचं पोरगं धुरातून वाट काढत बाहेर पडलं तोवर मी फिरत होतो. त्यानंतर माझ्या मोटारीतून ठिणग्या आल्या आणि मी थांबलो. बंबवाले आले, आग विझली. मोजून पाहिलं, सगळी पोरं अंगणात होती. कुणालाही भाजलं नव्हतं. हे ऐकलं तेव्हा मला माझ्या जळण्याचं काही वाटलं नाही.

कानबाईचा सण झाल्यावर भाईदास पोरीला घेऊन कॉलेजात आले. मी तेव्हापासून इथे व्हरांड्यात पडलेला, म्हणून सगळं माझ्यासमोरच झालं. भाईदासांनी स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता. वर्षा मॅडम दिसताच त्यांनी हात जोडले.

"मॅडम, लडकी से बडी गलती हो गई. माफ कर दो. मैं इसको घर ले जाता हूँ. हमारे लोगों का ये काम नहीं है."

मॅडमचा चेहरा कठोर होता. "गलती छोटी नहीं थी, भाईदासभाई. बच्चे मर सकते थे." त्या थांबल्या. "डबा खुला रहा, पंखा बंद रहा, वो हमारी गलती. पानी इसने डाला, वो इसकी. लेकिन इसने बोल दिया. पूछो उसको, घर जाना है?"

भाईदास पोरीकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला. "चल पोरी. कोन्हा दबाव नही. मन्ही हौस व्हती, जाऊ दे."

मित्रांनो, जी गोष्ट ती कानबाईच्या रविवारीही मागू शकली नव्हती ती आता बाप स्वतःहून देत होता. नुसती मान हलवली की सुटका. मला वाटलं, आता ही जाणार. तिने चप्पलही घालायला घेतली. मग ती थांबली.

"बाबा, माले आजून माहीत नही, हाई माले जमई का नही," ती म्हणाली. "पन माले एक इचारनं शे." ती मॅडमकडे वळली आणि हिंदीत म्हणाली, "मॅडम, पानी से तो आग बुझती है ना? तो इसमें पानी से ही क्यों लगी?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत तिने विचारलेला तो पहिला प्रश्न होता. त्या म्हणाल्या, "बैठो. समझाती हूँ." आणि माझ्या शेजारच्या पायरीवर बसून, जळक्या लाकडाच्या तुकड्याने फरशीवर काढून काढून त्या समजावत राहिल्या. चंचलने मध्येच थांबवलं, पुन्हा विचारलं, पुन्हा थांबवलं. भाईदास बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यांना काही कळत नव्हतं, पण ते निघाले नाहीत.

आता प्रयोगशाळेला नवा रंग लागला आहे. नवा पंखा आला आहे, आवाज न करणारा. आणि कालच एक नवा डबा आला, पत्र्याचा, गोल. त्याला दूर कोपऱ्यात, कोरड्या ओट्यावर ठेवलंय म्हणतात. तरी मला धास्ती वाटते. डबे येत राहतील, हात सवयीने जात राहतील, बटणं बंद राहतील, आणि कुठल्या ना कुठल्या बाकावर कुणीतरी तोंड उघडून मिटणारं बसलेलं असेल. मी तिथे नसेन.

म्हणून जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं आहे. नव्या वर्गात बसलात, भाषा परकी वाटली, विषय आपला की परका ते कळेना झालं, तर घाबरा खुशाल. लाजलात तरी हरकत नाही. पण काही जळत असल्याचा वास आला, खोलीत किंवा स्वतःच्या मनात, तर तो दाबून बसू नका. हातून चूक झाली असेल तर आधी सांगा, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत सांगा. आणि एखादं लाजरं पोर बारीक आवाजात काही सांगायला आलं, तर जरा कान द्या. पांडुरंगला तसा कान कुणी दिला असता, तर तो माणूस आज असता.